दक्षिणेतले भरचौक: इमारत, पदपथ आणि चौकटीबाहेरचा माणूस

अमेरिकेच्या दक्षिणेतील शहरांची छायाचित्रे चाळू लागले की दोन तऱ्हा पुन्हा पुन्हा समोर येतात. एकीत पांढऱ्या खांबांचे न्यायालय असते, जुने चित्रपटगृह असते किंवा घोड्यावर बसलेल्या सेनापतीचा पुतळा असतो. आकाश निरभ्र, रस्ता मोकळा आणि माणूस कुठेच नाही. दुसरीत माणूसच असतो. रंग उडालेल्या भिंतीशी बाकावर टेकलेला वृद्ध, पायरीवरची मुले, तुतारी वाजवणारा वादक. पण हा माणूस कोणत्या शहरातला, कोणत्या रस्त्यावरचा, कोणाच्या दारापुढे बसला आहे, हे चित्र सांगत नाही. पहिली तऱ्हा पर्यटनाच्या पुस्तिकेत जाते, दुसरी कलादालनात. दोन्ही तऱ्हांत कसबी छायाचित्रकारांनी काम केले आहे आणि दोन्हींत सुंदर चित्रे आहेत. तरीही माझे म्हणणे असे आहे की ही विभागणीच दक्षिणेच्या बाबतीत मोठी गफलत आहे. 1860-61 मध्ये संघराज्यातून फुटून निघालेल्या अकरा राज्यांमधल्या शहरांचा जुना बाजारी गाभा, ज्याला तिकडे डाउनटाऊन म्हणतात, तो कोणी कुठून आत जायचे, कोणी कुठे बसायचे, कोणी कोणत्या नळाचे पाणी प्यायचे या नियमांवर उभा राहिला. तिथली इमारत माणसाशिवाय दाखवली की नियम दिसेनासा होतो, आणि माणूस इमारतीशिवाय दाखवला की त्याचे दारिद्र्य किंवा त्याचा आनंद निसर्गदत्त वाटू लागतो. गेल्या दीडशेहून अधिक वर्षांतल्या ज्या चित्रांनी दक्षिण खरोखर समजावून दिली, ती बहुतांशी इमारत, पदपथ, पाटी आणि माणूस यांना एकाच चौकटीत धरणारी आहेत.

याचे सर्वांत जुने आणि अजूनही सर्वांत बोलके उदाहरण 1864 सालचे आहे. यादवी युद्धात, सप्टेंबरात, संघराज्याच्या बाजूच्या जनरल शर्मनच्या फौजेने अटलांटा घेतले, तेव्हा जॉर्ज बर्नार्ड हा छायाचित्रकार फौजेबरोबर होता. शहराचा व्यापारी भाग जाळला जाण्याआधी त्याने व्हाइटहॉल स्ट्रीटवरच्या दुकानांच्या रांगेचे एक चित्र घेतले. एका दुकानावर पाटी आहे: लिलाव आणि नीग्रो विक्री. शेजारी चिनी मातीच्या आणि काचेच्या भांड्यांचे दुकान आहे. माणसांच्या विक्रीच्या दुकानाच्या दाराशी गणवेशातला एक कृष्णवर्णीय सैनिक काहीतरी वाचत बसला आहे. त्या काळी ओल्या काचेवर चित्र घ्यावे लागे आणि काही सेकंद स्थिर राहावे लागे, म्हणजे हा सैनिक ओघाने चौकटीत आलेला नाही. तो तिथे ठरवून बसला आहे किंवा त्याला बसवले आहे. जॉर्जियात गुलामांना अक्षरओळख करून देणे हा कायद्याने गुन्हा होता. विक्रीच्या दारात बसून वाचणारा सैनिक हा त्या कायद्याचा अंत आहे, आणि तो कळतो तो पाटी, दार आणि माणूस एकत्र असल्यामुळे. यातले काहीही एक काढा, उरते ते दुकानाचे चित्र किंवा सैनिकाचे चित्र. याच बर्नार्डने 1866 मध्ये शर्मनच्या मोहिमेवर 61 चित्रांचा जो संग्रह काढला, त्यात तो काही आकाशांत दुसऱ्या काचेवरचे ढग छापून भग्नावशेषांना भव्यपणा देताना दिसतो. तिथे उद्ध्वस्त शहरे शोकात्म निसर्गचित्रासारखी होतात. एकाच माणसाच्या हातून, जवळजवळ एकाच काळात, दोन्ही वाटा सुरू झाल्या. पुढच्या पिढ्यांतल्या व्यवसायाने दुसरी वाट धरली.

व्यवसाय म्हणजे मुख्यतः पोस्टकार्डे. विसाव्या शतकाच्या आरंभी डेट्रॉइट पब्लिशिंग कंपनीने न्यू ऑर्लिन्स, सव्हाना, अटलांटा अशा शहरांचे हमरस्ते काचेवर उतरवून देशभर विकले. नंतर शिकागोच्या कर्ट टाइक कंपनीची कापडासारख्या पोताची रंगीत कार्डे आली. दुकानदाराच्या मागणीप्रमाणे त्यांतले तारांचे खांब पुसले जात, आकाशात ढग भरले जात. युद्धात हरलेली दक्षिण आता कारखान्यांची, बँकांची, उंच इमारतींची झाली आहे हे उत्तरेतल्या गुंतवणूकदाराला पटवायचे होते. बर्मिंगहॅम हे त्याचे ठळक उदाहरण. 1871 मध्ये लोखंड आणि कोळशाच्या जोरावर वसलेल्या या शहरात विसावा रस्ता आणि पहिला मार्ग जिथे मिळतात, तिथे 1902 ते 1912 या दहा वर्षांत चार गगनचुंबी इमारती उभ्या राहिल्या आणि त्या चौकाला पृथ्वीवरचा सर्वांत वजनदार कोपरा म्हणू लागले. कार्डांवर हा कोपरा अभिमानाने येतो, आणि ते अगदीच खोटे नाही. भट्ट्यांतल्या आणि खाणींतल्या ज्या श्रमावर तो कोपरा उभा राहिला, त्यात तुरुंगातून भाड्याने दिलेल्या, बहुतांशी कृष्णवर्णीय, कैद्यांचे श्रमही होते. कार्डाने मनोऱ्यांची उंची टिपली आणि वजन कोणी पेलले ते सोडून दिले.

इथे माझ्या म्हणण्याला एक कठोर अडथळा येतो आणि तो टाळून पुढे जाणे योग्य नाही. 15 मे 1916 रोजी टेक्सासमधल्या वेको शहरात जेसी वॉशिंग्टन या सतरा-अठरा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाला न्यायालयातून ओढून नेऊन नगरपालिकेच्या इमारतीपुढे जमावाने जिवंत जाळले. हजारो लोक जमले होते. फ्रेड गिल्डरस्लीव या स्थानिक व्यावसायिक छायाचित्रकाराने त्याची चित्रे घेतली आणि ती पोस्टकार्डे म्हणून विकली गेली. या चित्रांत इमारत, रस्ता, माणसे सारे एकत्र आहे. मग एकत्र धरणे हेच सत्याचे लक्षण कसे मानायचे? हा आक्षेप खरा आहे, पण त्याचे उत्तर त्याच चित्रांच्या पुढच्या प्रवासात मिळते. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या राष्ट्रीय संघटनेने वेकोला तपासासाठी प्रतिनिधी पाठवला आणि डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांच्या संपादनाखालच्या 'द क्रायसिस' मासिकाने 1916 च्या जुलैत ही चित्रे विशेष पुरवणीत छापली. जमावाने मिरवण्यासाठी घेतलेले चित्र साक्ष झाले. हा जंगलातल्या अज्ञात टोळीचा गुन्हा नव्हता, शहराच्या अधिकृत केंद्रात, भर दिवसा, टोप्या घातलेल्या सभ्य नागरिकांनी केलेला होता, हे त्यात नाकारता येत नव्हते. छायाचित्रकाराची नियत वाईट असली तरी संपूर्ण चौकट त्याच्या हेतूपेक्षा अधिक सांगून जाते. चौकट संपूर्ण असली म्हणून चित्र नीतिमान होत नाही, एवढे मी मान्य करतो. पण ते तपासता येते. कापलेले चित्र तपासताच येत नाही.

1930 च्या दशकात वॉकर एव्हान्सने या प्रश्नाला नवे वळण दिले. शेतीपुनर्वसनाच्या सरकारी खात्यासाठी 1935 आणि 1936 मध्ये तो न्यू ऑर्लिन्स, व्हिक्सबर्ग, बर्मिंगहॅम, अटलांटा, सव्हाना अशा शहरांतून हिंडला. आठ बाय दहा इंचांच्या काचदार पाठीच्या जड कॅमेऱ्याने, समोरासमोर, बारीकसारीक अक्षर वाचता येईल अशी चित्रे त्याने घेतली. त्याच्या दक्षिणेत प्रसिद्ध स्मारके क्वचितच भेटतात. न्हाव्याची दुकाने, मोटारींचे सुटे भाग विकणारी टपरी, लाकडी घरे आणि त्यांच्यापुढचे जाहिरातफलक, हीच त्याची स्मारके. अटलांटातल्या एका चित्रात लंबगोल सज्जांची दोन सारखी घरे मागे उभी आहेत आणि पुढे सिनेमाची भित्तिपत्रके. एकावर नटी कॅरोल लोम्बार्डचा डोळा काळानिळा रंगवलेला आहे. माणूस एकही नाही. म्हणजे एव्हान्सही रस्ता रिकामा करतो, मग त्याला वेगळा न्याय का? कारण त्याच्या रिकामेपणात राहत्या हातांच्या खुणा शिल्लक आहेत. हाताने रंगवलेली अक्षरे, भाव, दुकानदाराची चव, गल्ल्यातली चणचण. सव्हानातल्या एका छायाचित्रकाराच्या काचेवर चिकटवलेली स्वस्त पासपोर्टवजा चित्रे त्याने जशीच्या तशी टिपली. दोनशेहून अधिक चेहरे, वर आडवे 'स्टुडिओ' हे शब्दचिन्ह. एका दुकानाच्या दर्शनी काचेतून अख्खे गाव समोर येते. आणि नीट पाहिले तर कळते की त्या गर्दीत गोरे चेहरेच आहेत. काच कोणासाठी होती, हेही तिथेच लिहिलेले आहे.

पाटी कायद्याने लिहिलेली असते तेव्हा तर एकत्र पाहण्याला पर्यायच नसतो. मॅरियन पोस्ट वॉल्कटने 1939 च्या ऑक्टोबरात मिसिसिपीतल्या बेल्झोनी या लहान गावात सिनेमागृहाची बाजूची भिंत टिपली. भिंतीवर बाहेरून जिना, जिन्यावरून टोपी घातलेला एक माणूस वर चालला आहे, वरचे दार 'कलर्ड' प्रेक्षकांचे. खाली गोऱ्या पुरुषांसाठीचे दार आणि शीतपेयाची रंगवलेली जाहिरात. सूर्य असा तिरपा आहे की माणसाची सावली भिंतीवर त्याच्याइतकीच ठळक पडते. महाडच्या चवदार तळ्याचा 1927 चा सत्याग्रह ज्याला माहीत आहे, त्या मराठी वाचकाला या जिन्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. 1956 मध्ये गॉर्डन पार्क्सने 'लाइफ' साप्ताहिकासाठी अलाबामात काम केले, तेव्हा त्याने मोबिल शहरातल्या एका मोठ्या दुकानापुढे ठेवणीतल्या कपड्यांत उभ्या असलेल्या स्त्री आणि मुलीचे रंगीत चित्र घेतले. वर लाल निऑन अक्षरांत 'कलर्ड एंट्रन्स'. हे चित्र रंगीत आहे हे फार महत्त्वाचे. काळ्यापांढऱ्या चित्रात अन्याय जुना, संपलेला वाटतो. रंगात तो बाजारातल्या चालू हंगामाचा भाग होतो. निऑनची नळी बसवायला कारागीर लागला असेल, विजेचे बिल दरमहा भरले जात असेल. विषमतेला देखभालीचा खर्च होता आणि दुकानदार तो भरत होता, हे मी ज्या ग्रंथांत वाचले त्यांपेक्षा या एका चित्राने अधिक पटवले.

कोणी म्हणेल, असे प्रत्येक शहरात असते. शिकागो, न्यूयॉर्कमध्येही वस्त्या विभागलेल्या होत्या. होत्याच, पण तिथली विभागणी बहुधा घरभाडे, कर्जे आणि रस्त्यांच्या हद्दी यांतून चालत असे, दरवाजावर लिहिलेली क्वचित असे. दक्षिणेत ती एकाच गाडीत, एकाच दुकानात, एकाच इमारतीच्या दोन दारांत होती. म्हणजे कॅमेऱ्याला दिसण्याजोगी होती. रॉबर्ट फ्रँकने 1955 च्या नोव्हेंबरात न्यू ऑर्लिन्सच्या कॅनॉल स्ट्रीटवर टिपलेली ट्राम याचा कळस आहे. पाच खिडक्या, त्यांतले चेहरे, पुढे गोरे, मागे कृष्णवर्णीय, आणि एक कृष्णवर्णीय प्रवासी थेट कॅमेऱ्याकडे पाहणारा. काही आठवड्यांतच, 1 डिसेंबरला, माँटगोमेरीत रोझा पार्क्सना बसमधली जागा न सोडल्याबद्दल अटक झाली. न्यू ऑर्लिन्सच्या ट्राममधली ही बैठकव्यवस्था 1958 मध्ये संपली. आज याच शहरातल्या ट्रामगाड्या प्रवासी पुस्तिकांच्या लाडक्या आहेत. ओक वृक्षांच्या कमानीखालून जाणारी सेंट चार्ल्स मार्गावरची गाडी बाहेरून, बाजूने, सोनेरी उन्हात टिपली जाते. फ्रँकने जवळ जाऊन खिडक्या मोजल्या. वाहन तेच, आणि त्याचा अर्थ आत कोण कुठे बसले आहे यावर अवलंबून.

दक्षिणेतल्या नागरी हक्कांच्या चळवळीलाही हे समजले होते. 1963 च्या वसंतात बर्मिंगहॅममध्ये आंदोलनाने डाउनटाऊनच्या मोठ्या दुकानांवर ईस्टरच्या खरेदीच्या दिवसांत बहिष्कार पुकारला आणि मे महिन्यात शाळकरी मुलांच्या मिरवणुका सोळाव्या रस्त्यावरच्या बाप्टिस्ट चर्चमधून निघून केली इंग्रॅम पार्ककडे वळल्या. पोलिसी कुत्र्यांचे बिल हडसनने घेतलेले चित्र आणि अग्निशामक नळांच्या माऱ्याची चार्ल्स मूरची चित्रे जगभर गेली. त्याच चर्चमध्ये 15 सप्टेंबरला झालेल्या स्फोटात चार मुली मारल्या गेल्या. पाच वर्षांनी मेम्फिसमध्ये सफाई कामगारांच्या संपात अर्नेस्ट विदर्सने 28 मार्च 1968 रोजी क्लेबॉर्न टेंपलपुढे 'आय ॲम अ मॅन' असे फलक धरलेल्या माणसांची भिंतच टिपली. या चित्रांनी शहरांची स्मारके बदलून टाकली. आज बर्मिंगहॅमला जाणारा प्रवासी त्या वजनदार कोपऱ्याआधी ते चर्च आणि तो बगीचा शोधतो. रस्त्यावरच्या माणसांनी इमारतीला स्मारक केले, आणि ते करताना कॅमेरा त्यांच्या हिशेबात होता.

पण चळवळीच्या चित्रांवरच थांबलो तर दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय माणसाला आपण फक्त मार खाताना किंवा फलक धरतानाच पाहू. रोजच्या शहराची नोंद कोणी केली? गोऱ्या वर्तमानपत्रांनी जवळजवळ केलीच नाही. ती केली बाजारपेठेतल्या कृष्णवर्णीय स्टुडिओंनी. मेम्फिसचा हुक्स ब्रदर्स स्टुडिओ, ज्याच्या दिव्यांपुढे ब्लूज गायक रॉबर्ट जॉन्सनही सूट घालून गिटार घेऊन बसला. साउथ कॅरोलिनातल्या कोलंबिया शहरात 1920 ते 1936 च्या दरम्यान काम केलेला रिचर्ड सॅम्युएल रॉबर्ट्स, ज्याच्या सुमारे तीन हजार काचा मृत्यूनंतर चार दशके त्याच्या घराखाली पडून होत्या आणि 1986 मध्ये ज्यांतल्या निवडक चित्रांचे पुस्तक निघाले. शिक्षिका, दुकानदार, वर-वधू, जादूगार, नवी मोटार. ही माणसे कोणाच्या दयेसाठी उभी नाहीत. अटलांटाच्या ऑबर्न ॲव्हेन्यूवर विमा कंपनी होती, बँक होती, वृत्तपत्र होते, चर्चे होती. मेम्फिसच्या बील स्ट्रीटवर आणि जॅक्सनच्या फॅरिश स्ट्रीटवर आपापली बाजारपेठ होती. युडोरा वेल्टी ही पुढे मोठी कथाकार झालेली गोरी तरुणी 1930 च्या दशकात सरकारी रोजगार योजनेच्या नोकरीच्या निमित्ताने मिसिसिपीभर फिरली आणि जॅक्सनच्या रस्त्यावरचे लोक तिने साध्या कॅमेऱ्याने टिपले. पुस्तक निघायला 1971 साल उजाडले. तिच्या चित्रांत आपुलकी आहे, पण ती पाहुणीची आहे. रॉबर्ट्सच्या काचांत आपण कसे दिसावे ते गिऱ्हाइकाने स्वतः ठरवले आहे. बाकावरच्या शोकाकुल वृद्धाचे चित्र हेच दक्षिणेचे खरे चित्र असे मानणाऱ्यांनी हा संग्रह शेजारी ठेवून पाहावा.

आता सर्वांत बळकट आक्षेप. वास्तूंची नोंद करणाऱ्याला रिकामी इमारतच हवी असते. माणूस आला की मोजमाप झाकले जाते. 1933 मध्ये सुरू झालेले ऐतिहासिक वास्तूंचे सरकारी सर्वेक्षण, आणि त्याच दशकात कार्नेगी निधीतून फ्रान्सिस बेंजामिन जॉन्स्टनने दक्षिणेतल्या राज्यांतून घेतलेली सात हजारांहून अधिक चित्रे, ही कामे मोलाची आहेत. जॉन्स्टनने नुसते महाल टिपले नाहीत; पडकी कोठारे, गिरण्या, गुलामांच्या खोल्याही टिपल्या. हे सगळे मला मान्य आहे. नोंदीसाठी घेतलेल्या रिकाम्या चित्राविषयी माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती नोंदीची शैली पुढे मूल्य ठरवू लागते तेव्हा. चार्ल्सटनने 1931 मध्ये जुना भाग कायद्याने संरक्षित केला. न्यू ऑर्लिन्सने 1936 मध्ये फ्रेंच क्वार्टरसाठी आयोग नेमला. सव्हानात 1954 मध्ये जुनी मंडई पाडून वाहनतळ बांधला गेला तेव्हा खवळलेल्या नागरिकांनी पुढच्याच वर्षी संस्था काढून बाकीचे गाव वाचवले. हे सारे भाग आधीच चित्रांत आणि कोरीव ठशांत सुंदर ठरलेले होते. मग 1956 चा महामार्गांचा कायदा आला. न्यू ऑर्लिन्समध्ये त्रेमे वस्तीतल्या क्लेबॉर्न ॲव्हेन्यूच्या मध्यावर ओक वृक्षांच्या रांगा होत्या. कृष्णवर्णीय कुटुंबांची तिथे सहल होई, मार्दी ग्राचा मेळा भरे, दोन्ही बाजूंना त्यांची दुकाने होती. 1966 मध्ये उन्नत महामार्गासाठी ते वृक्ष तोडले. त्याच शहरात नदीकाठाने फ्रेंच क्वार्टरला लागून जाणारा दुसरा महामार्ग मात्र लढा होऊन 1969 मध्ये केंद्रीय वाहतूकमंत्र्यांनी रद्द केला.

हा फरक केवळ छायाचित्रांनी घडवला असे मी म्हणत नाही. एका बाजूला पैसा, वकील आणि वजनदार नागरिक होते. दुसऱ्या बाजूला ज्यांचा मताचा हक्क जेमतेम 1965 मध्ये खरा झाला असे लोक होते. परंतु फ्रेंच क्वार्टरसाठी लढणाऱ्यांच्या हाती देशाला माहीत असलेली प्रतिमा होती, हेही तितकेच खरे. लोखंडी नक्षीचा सज्जा म्हटले की कोणालाही काय वाचवायचे ते डोळ्यांपुढे येई. क्लेबॉर्नचे सौंदर्य वृक्षांत आणि त्याखाली बसणाऱ्या माणसांत होते, एकेका इमारतीत नव्हते. इमारती मोजणाऱ्या नजरेला तिथे वाचवण्याजोगे काही दिसलेच नसावे. ऑबर्न ॲव्हेन्यूलाही महामार्गाने मधोमध कापले, बील स्ट्रीटभोवतीची वस्ती नूतनीकरणाच्या नावाखाली जमीनदोस्त झाली. दुसरीकडे बर्मिंगहॅमचे भव्य रेल्वे स्थानक 1969 मध्ये पाडले गेले, म्हणजे सुंदर ठरलेली वास्तूही सुरक्षित नव्हती. पण स्थानकासाठी आजही हळहळणारे पुष्कळ आहेत. क्लेबॉर्नची माणसे महामार्गाखालीच जमू लागली. काँक्रीटच्या खांबांवर ओक वृक्ष रंगवले गेले आणि त्या खांबांमधून वाजतगाजत मिरवणुका जातात. न्यू ऑर्लिन्सचे आजचे सर्वांत अर्थपूर्ण छायाचित्र तिथे घेता येते असे माझे मत आहे, आणि ते घेताना खांब कापून फक्त वादक ठेवणे ही मोठी चूक ठरेल.

यावर एक प्रामाणिक प्रतिप्रश्न असा की डाउनटाऊन आता खरोखरच रिकामे आहे, तर ते रिकामे दाखवण्यात खोटे काय? मॉल आले, गोरी कुटुंबे उपनगरांत गेली, अटलांटात जॉन पोर्टमनच्या हॉटेलांनी 1967 पासून रस्ता आत, वातानुकूलित अंगणात ओढून घेतला. विल्यम एगल्स्टनने 1976 मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात रंगीत चित्रे मांडली, तेव्हा मेम्फिसच्या या छायाचित्रकाराने स्मारकांकडे जवळपास पाठच फिरवली होती. त्याचा विषय उपनगरातली तीनचाकी सायकल, गाड्या उभ्या असलेली अंगणे, छतावरचा दिवा. ते त्या काळाचे खरे चित्र होते. पण आजचा रिकामेपणा बराचसा छायाचित्रकाराच्या घड्याळातून येतो. उत्तम प्रकाश, मोटारींचा अडथळा नाही, उकाडा नाही, म्हणून तो रविवारी सूर्योदयाला जातो. अटलांटाच्या फाइव्ह पॉइंट्स स्थानकाबाहेर सोमवारी दुपारी जा. बस बदलणारे, दुकानांत काम करणारे, न्यायालयात तारीख असलेले लोक तिथे आहेत. दुपारचे ऊन कठोर असते, सावल्या डोळ्यांखाली पडतात, चित्र देखणे होत नाही. तरीही शहराची वेळ तीच आहे. कॅटरिना वादळानंतर रॉबर्ट पोलिडोरीने न्यू ऑर्लिन्सच्या चिखलाने माखलेल्या घरांचे मोठ्या आकाराचे अप्रतिम ग्रंथरूप दस्तावेज 2006 मध्ये दिले. त्यात माणसे नाहीत कारण ती खरोखरच हाकलली गेली होती. तिथला रिकामेपणा हाच पुरावा आहे. सूर्योदयाच्या रविवारचा रिकामेपणा कशाचाच पुरावा नाही.

उरतो संमतीचा प्रश्न, आणि तो या सगळ्यांत अवघड आहे. अमेरिकेत सार्वजनिक रस्त्यावर दिसणाऱ्या माणसाचे चित्र घ्यायला परवानगी लागत नाही. पण कायद्याने मुभा असणे आणि समोरच्याला ते मान्य असणे वेगळे. विदर्सवर सगळ्या चळवळीचा विश्वास होता. त्याच्या मृत्यूनंतर, 2010 मध्ये, मेम्फिसच्या वृत्तपत्राने उघड केले की तो केंद्रीय तपास यंत्रणेला माहिती पुरवत होता. न्यू ऑर्लिन्सची मार्दी ग्रा इंडियन्स ही कृष्णवर्णीय मंडळे वर्षभर मणी टाचून पिसांचे पोशाख शिवतात. त्यांची चित्रे दिनदर्शिकांवर विकली जातात आणि शिवणाऱ्याला काही मिळत नाही, म्हणून त्यांतल्या काहींनी पोशाखाला शिल्प मानून त्यावर लेखाधिकार घेण्याचा मार्ग धरला. मला त्यांची बाजू पटते. एक चित्र घेऊन निघून जाणाऱ्यापेक्षा छायाचित्रकार मायकेल स्मिथने दशकानुदशके त्याच मिरवणुकांत, त्याच चर्चांत जाऊन जो संग्रह केला, तो अधिक विश्वासार्ह आहे, कारण चित्रातल्या माणसांना छायाचित्रकार पुन्हा भेटणार होता.

लेखाधिकाराच्या याच कायद्यात दक्षिणेच्या स्मारकांपुरती एक विचित्र असमानता दडली आहे. 1990 च्या दुरुस्तीनंतर अमेरिकेत रस्त्यावरून दिसणाऱ्या इमारतीचे चित्र कोणीही छापू शकतो, पण ही सवलत पुतळ्यांना नाही. भारताच्या 1957 च्या कायद्यात सार्वजनिक जागी कायम उभ्या असलेल्या शिल्पाचे छायाचित्र घ्यायला मोकळीक आहे. अमेरिकेत तशी नाही. परिणाम असा की रिचमंडमधला 1890 सालचा, फुटीर राज्यांचा सेनापती जनरल ली याचा पुतळा लेखाधिकाराची मुदत संपल्यामुळे कोणीही कशावरही छापू शकतो, आणि 1 डिसेंबर 2019 रोजी माँटगोमेरीच्या कोर्ट स्क्वेअरजवळ उभा राहिलेला रोझा पार्क्सचा पुतळा मात्र व्यापारी कामासाठी छापताना शिल्पकाराच्या हक्काचा विचार करावा लागतो. बातमी, अभ्यास, टीका यांना न्याय्य वापराची मुभा आहेच. पण पोस्टकार्ड आणि पुस्तिका जिथून तयार होतात, तो बाजार मोफत प्रतिमा शोधतो. 2020 च्या उन्हाळ्यात ली पुतळ्याच्या चबुतऱ्यावर नावे रंगवली गेली, रात्री, पोलिसांच्या हातून मारल्या गेलेल्या जॉर्ज फ्लॉइडचा चेहरा त्यावर प्रकाशाने उमटवला गेला, आसपास लोक बास्केटबॉल खेळू लागले, आणि 130 वर्षे रिकाम्या हिरवळीवर टिपला गेलेला हा पुतळा प्रथमच त्याच्या शहरासह चित्रांत आला. 8 सप्टेंबर 2021 ला तो उतरवला. माँटगोमेरीत तीच गोष्ट पुतळा न हलवता करता येते. चौकात 1885 चे कारंजे आहे, याच चौकात पूर्वी माणसांचे लिलाव होत, जिथे रोझा पार्क्स बसमध्ये चढल्या ती जागा जवळ आहे, आणि डेक्स्टर ॲव्हेन्यूच्या दुसऱ्या टोकाला 1861 मध्ये जेफर्सन डेव्हिसने फुटीर राज्यांचा अध्यक्ष म्हणून शपथ घेतली ते आणि 1965 च्या मार्चमध्ये सेल्माहून निघालेला मोर्चा पोहोचला ते विधानभवन दिसते. छायाचित्रकाराने थोडे मागे सरून रस्त्याची लांबी आणि येणारे-जाणारे चौकटीत घेतले, तर पुतळा चित्राचा एक भाग होतो, लेखाधिकाराची अडचण बरीच सैल होते, आणि कारंजे, चढण, विधानभवन आणि पदपथावर चालणारी आजची माणसे एकाच चित्रात येतात.